आपल्या पाण्याची बोट

शिडाची बोट घ्यायला निघालेली माणसं आधी लांबी विचारतात, मग किंमत आणि मग बनावट कुठली ते. मी त्यांना उलट विचारतो, येत्या तीन उन्हाळ्यांत तुम्ही कुठे जाणार आणि बरोबर कोण असणार? याचं प्रामाणिक उत्तर मिळालं की अर्धी बोट तिथेच ठरते. उरलेल्या अर्ध्यासाठी हातोडी, टॉर्च आणि धीर लागतो.

मी मूळचा हर्णैचा. मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होतो. वरच्या तिकिटाच्या परीक्षेसाठी इंग्लंडला वॉरसॅशला आलो, तिथे हॅम्बल नदीच्या दोन्ही काठांना ओळीने बांधलेल्या शिडाच्या बोटी पाहिल्या आणि पुढे मोठी जहाजं सोडून याच कामात पडलो. साउथॅम्प्टनच्या आसपास कुणी जुनी बोट विकत घेत असेल तर घेणाऱ्याच्या वतीने ती तपासायची, काय दिसलं ते लेखी द्यायचं, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यात बरीच वर्षं गेली. इतक्या वर्षांत वाईट बोटींपेक्षा चुकीच्या बोटीच जास्त पाहिल्या. बोट उत्तम, मालकही हौशी, पण दोघांचं पाणी वेगळं. मग ती बोट वर्षातले अकरा महिने जेटीला बांधून राहते आणि मालक दरमहा भाडं भरत राहतो.

आमच्या हर्णैला ‘चांगली होडी कुठली’ असं कुणी विचारत नसे. खाडीत ओहोटीला चिखलावर बसणारी होडी वेगळी आणि बाहेर खोल पाण्यात जाळं टाकायला जाणारी वेगळी. तांडेलाला आपलं पाणी ठाऊक असायचं, होडी त्यावरून ठरायची. इंग्लंडच्या किनाऱ्यालाही हाच न्याय लागतो. इथली कितीतरी छोटी बंदरं ओहोटीला कोरडी पडतात. म्हणून तळाला एकाऐवजी दोन कील, म्हणजे तळाखाली उतरणारी जड पाती, असलेल्या बोटी इथे लोकप्रिय झाल्या. पाणी उतरलं की त्या चिखलावर सरळ उभ्या राहतात. 1969 साली आलेली ‘वेस्टर्ली सेंटॉर’ ही 26 फुटी बोट अशीच. ती दोन हजारांहून अधिक संख्येने बनली आणि आजही ठिकठिकाणी दिसते. वाऱ्याच्या तोंडावर चढताना ती मागे पडते, पण कमी भाड्याच्या, उथळ खाडीतल्या जागेत राहू शकते. ज्याला शनिवार-रविवारी आइल ऑफ वाइटच्या आसपास फिरायचंय, त्याच्यासाठी हा सौदा फायद्याचा आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘रस्लर 36’सारखी बोट. लांब कील, तिच्या मागच्या कडेलाच टेकवलेलं सुकाणू, जड बांधणी. भारतीय नाविक अभिलाष टॉमी 2022च्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत याच प्रकारच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून दुसरे आले. दक्षिण महासागरात जी बोट माणसाला सांभाळून नेते, तीच मरिनाच्या अरुंद गल्लीत मागे घ्यायला जिवावर येते, कारण लांब कीलची बोट उलटी चालवताना सुकाणूचं ऐकत नाही. दर रविवारी जेटीला बोट लावताना घाम फुटत असेल, तर बोटीवर जाणं हळूहळू कमी होतं. मधल्या बहुतेक बोटी खोल, आखूड कीलच्या. चपळ, वाऱ्यावर चांगल्या चढणाऱ्या, वळायला सोप्या. पण तळ घासला तर सगळा दणका कील जिथे जोडली आहे तिथे बसतो. प्रत्येक आकार काही देतो आणि काही घेतो. काय द्यायची तयारी आहे, हे घेणाऱ्याने ठरवायचं.

काही काळापूर्वी रेडिंगहून एक मराठी जोडपं माझ्याकडे आलं. दोघंही संगणकाच्या क्षेत्रातले, सेलिंगचे कोर्स रीतसर केलेले. सप्टेंबरातल्या साउथॅम्प्टन बोट शोमध्ये त्यांनी एक 45 फुटी नवी बोट पाहिली होती आणि तशीच एखादी पंधरा-वीस वर्षं जुनी मिळते का, हे ते शोधत होते.

“काका, पुढेमागे अटलांटिक ओलांडायचा विचार आहे,” तो म्हणाला.

“कधी?”

“अजून ठरलं नाही. आठ-दहा वर्षांनी. मुलगी मोठी झाल्यावर.”

“आणि तोवर?”

त्याने बायकोकडे पाहिलं. तीच म्हणाली, “तोवर आम्ही दोघं आणि मुलगी. शाळेच्या सुट्ट्या. शेरबूर, चॅनल आयलंड्स, जमलं तर ब्रिटनी.”

अशा वेळी मी कागद घेतो आणि हिशेब मांडतो. आइल ऑफ वाइटच्या पश्चिम टोकाच्या नीडल्स खडकांपासून फ्रान्सचं शेरबूर सुमारे साठ सागरी मैल. ताशी पाच सागरी मैल, म्हणजे पाच नॉटांच्या वेगाने, बारा तास. पाण्याला टेकलेल्या लांबीवर बोटीचा वेग ठरतो. ही लांबी 25 फूट असेल तर वेगाची मर्यादा साधारण पावणेसात नॉट, 36 फूट असेल तर आठ नॉट. म्हणजे अकरा फूट वाढवून सव्वा नॉट हाती येतो. खर्च मात्र त्याहून कितीतरी जास्त प्रमाणात वाढतो. बोटीची लांबी वाढली की रुंदी आणि उंचीही वाढते आणि वजन कितीतरी पटींनी वाढतं. त्या वजनामागोमाग शिडाचं कापड, डोलकाठीच्या तारांची जाडी, नांगर, साखळी, इंजिन, तळाचा रंग सगळंच मोठं होतं. मरिनाचं भाडं तर मीटरवरच आकारतात. जुन्या बोटीला वर्षाकाठी किमतीच्या दहा टक्के तरी लागतात असं इथे सर्रास मानलं जातं. स्वस्तात मिळालेल्या मोठ्या बोटीला हा आकडा पुरत नाही, कारण किंमत उतरली तरी तिच्या शिडांची आणि तारांची किंमत उतरलेली नसते.

पैशांहून महत्त्वाची गोष्ट अंगबळाची. जोडप्याने बोट घेताना माझी एक अट असते. दोघांपैकी प्रत्येकाला, दुसरा खाली झोपलेला असताना, एकट्याने शीड आखडता आलं पाहिजे आणि नांगर उचलता आला पाहिजे. रात्री दोन वाजता वारा वाढला आणि एकाला उलट्या होत असल्या, तर दुसऱ्यालाच बोट न्यायची असते. 45 फुटी बोटीचं मोठं शीड विंच आणि विजेच्या मोटारीशिवाय आवरत नाही. मोटार बंद पडायची वेळ नेमकी कुठली, हे जहाजावर काम केलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. लिन आणि लॅरी पार्डी या जोडप्याने ‘सेराफिन’ या जेमतेम 24 फुटी, इंजिन नसलेल्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. सगळ्यांनी तसं करावं असं मी म्हणत नाही. लांबी ही काही धाडसाची अट नाही, एवढं त्यावरून कळतं.

त्यांनी मग 32 ते 35 फुटांत बोटी पाहायला सुरुवात केली. त्यांतली एक, तिशी उलटलेली 34 फुटी, दाखवायला त्यांनी मला नेलं. आत शिरल्यावर बायको थेट स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेली आणि पिशवीतून चक्क प्रेशर कुकर काढला. शेगडीवर ठेवला, कडेचे अडसर लावले आणि शेगडी हाताने झुलवून पाहिली. बोटीवरची शेगडी दोन खिळींवर टांगलेली असते. बोट कलली तरी ती सपाट राहते. कुकर बसला, पण शेगडी एका बाजूला झुलताना मागच्या भिंतीला आपटत होती.

“हे चालेल का, काका?”

“नाही चालणार. पण खिळी पुढे घेता येतील, अर्ध्या दिवसाचं काम आहे.”

मला तिचं कौतुक वाटलं. बोट शोमध्ये माणसं बोटीकडे घर म्हणून बघतात. ऐसपैस दिवाणखाना, रुंद पलंग, भरपूर उजेड. समुद्रात वीस अंशांवर कललेल्या बोटीत हाच ऐसपैसपणा धोक्याचा होतो, कारण तोल जाताना धरायला जवळ काही नसतं. अरुंद गाळा, हाताला सतत मिळणारे दांडे, मधोमध असलेला अरुंद बिछाना आणि त्याला बांधता येणारा कापडी कठडा या गोष्टी जाहिरातीत दिसत नाहीत. मी घेणाऱ्याला बिछान्यावर आडवं व्हायला सांगतो, स्वच्छतागृहात बसायला सांगतो, डोळे मिटून पायऱ्या चढायला सांगतो. कुकरमध्ये कमी गॅसवर अन्न शिजतं आणि झाकण बंद असल्यामुळे लाटेच्या हेलकाव्यात काही सांडत नाही. लांबच्या सफरी करणारे परदेशी लोकही तो आवडीने वापरतात. तिने बरोबर ठिकाणापासून सुरुवात केली होती.

तपासणीच्या दिवशी मी सगळ्यांत आधी इंजिनावर हात ठेवतो. ते गार असायला हवं. मी येण्याआधी कुणी ते गरम करून ठेवलं असेल, तर थंड असताना ते सुरू व्हायला कुरकुरतं की काय, अशी शंका घ्यावी लागते. मग मी दुसऱ्या दिवशीची वेळ मागतो. एका दलालाने यावर बराच आवाज चढवला होता. आवाज चढला की मी आणखी सावकाश बघतो. त्या 34 फुटी बोटीचं इंजिन गार होतं, एका फटक्यात सुरू झालं, धूर काही सेकंदांत निवळला आणि एक्झॉस्टमधून पाणीही भरपूर पडत होतं.

त्यानंतर डेक. फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा हे हलकं लाकूड घालून डेक बनवतात. कठड्याचे खांब जिथे बोल्टने बसवलेले असतात, तिथली सील जुनी झाली की पाणी आत झिरपतं, बाल्सा कुजतो आणि वरून काही कळत नाही. मी गुडघ्यांवर बसून छोट्या हातोडीने इंचाइंचावर ठोकत जातो. बाजारात नारळ वाजवून घेतात, तसंच हे कानाचं काम. निकोप जागी टणक, स्वच्छ आवाज येतो. कुजलेल्या जागी बद्द. या बोटीवर डाव्या बाजूच्या तिसऱ्या खांबाभोवती आवाज बसला. खडूने त्याची कड आखत गेलो, तर ताटाएवढं वर्तुळ झालं. ओलावा मोजणाऱ्या यंत्रानेही तेच दाखवलं. खडूची रेघ पाहून त्या पोराचा चेहरा उतरला. मी सांगितलं, ही जागा उघडून, कुजका भाग काढून, नव्याने भरता येते. कूज डेकभर असती तर बोट सोडून दे म्हटलं असतं.

तळाला पाण्याखाली जी भोकं असतात, त्यांच्यावरचे व्हॉल्व्ह म्हणजे सीकॉक. ते ब्राँझचे किंवा खास मिश्रधातूचे असावेत. साध्या पितळेचे असले तर खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त विरघळून जातं आणि सच्छिद्र, ठिसूळ तांबं मागे उरतं. ओळखायची खूण सोपी आहे. वरचा हिरवट थर खरवडला की पिवळ्याऐवजी गुलाबी रंग दिसतो. असा एक सीकॉक या बोटीत होता, हातोडीच्या हलक्या टोल्याने त्याचा टवका उडाला. बोट पाण्याबाहेर पट्ट्यांवर टांगलेली होती म्हणून बरं. अंगठ्याएवढ्या भोकातून बोट बुडवण्याइतकं पाणी येऊ शकतं आणि नवा सीकॉक बसवायला त्या मानाने फारच थोडे पैसे लागतात.

फायबरग्लासच्या जुन्या बोटींना तळाशी फोड येतात. फोड फोडला की शिर्क्यासारखा आंबूस वास येतो. घेणारे याला सर्वांत जास्त घाबरतात. माझ्या मते हा बहुतेकदा किमतीत घासाघीस करायचा मुद्दा असतो. फोडांनी बोट बुडाल्याचं मी पाहिलेलं नाही. भीती बाळगायचीच असेल तर कीलच्या जोडाची बाळगावी. मे 2014 मध्ये ‘चीकी रफीकी’ ही 40 फुटी बोट अँटिग्वाहून साउथॅम्प्टनला परतताना अटलांटिकमध्ये उलटली आणि तिच्यावरचे चारही जण गेले. तिची कील सुटून गेली होती. आधी तळ घासल्याने आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांमुळे आतली चौकट हलकी झाली असावी, असं ब्रिटिश सागरी अपघात चौकशी विभागाने नोंदवलं. म्हणून मी कीलच्या मागच्या टोकाशी, आत बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, उताणा पडून टॉर्चने एकेक कोपरा बघतो. तिथली केसासारखी बारीक चीरही कीलला बसलेल्या धक्क्याची खूण असू शकते. आणि मालकाला सरळ विचारतो, बोट कधी, कुठे टेकली होती? इंग्लिश चॅनलमध्ये फिरलेली बोट कधीच टेकली नाही असं उत्तर आलं, तर मी तळ दुसऱ्यांदा बघतो.

डोलकाठीला ताणून धरणाऱ्या स्टीलच्या तारा वरून चकचकीत असल्या तरी वयाने थकतात. साधारण दहा वर्षांनी त्या बदलाव्यात असा विमा कंपन्यांचा आग्रह असतो. शेवटी कागद. ब्रिटनच्या ‘स्मॉल शिप्स रजिस्टर’मधली नोंद मालकी सिद्ध करत नाही, हे कित्येकांना ठाऊक नसतं. मालकीसाठी आधीच्या विक्रीपत्रांची साखळीच बघावी लागते. ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश पासपोर्टवर शेंगेन देशांत 180 दिवसांत 90च दिवस राहता येतं आणि आपल्या भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. बोट भूमध्य समुद्रात ठेवून वर्षभर फिरायचं स्वप्न असेल, तर हा हिशेब बोटीच्या आधी करायचा.

“बोट अटलांटिकला चालेल ना?” हा प्रश्न मला हमखास येतो आणि त्याबरोबर कागदावरचं ‘ए’ हे अक्षर पुढे केलं जातं. युरोपच्या नियमांनुसार बोटींच्या चार श्रेणी आहेत. ‘ए’ म्हणजे वाऱ्याच्या बोफर्ट मोजपट्टीवर 8 बलापेक्षा जास्त वारा आणि 4 मीटरपेक्षा उंच लाटा सोसण्याची रचना. ते अक्षर बोट नवी असतानाचं असतं. वीस वर्षांनी तिच्या कीलचे बोल्ट, सुकाणूचा दांडा आणि तारा काय म्हणतात, ते त्यात लिहिलेलं नसतं. 1979च्या फास्टनेट शर्यतीत 303 बोटी निघाल्या, वादळात 15 सेलर गेले. त्या वादळात सर्वांत लहान गटातून शर्यत पुरी करणारी एकमेव बोट होती ‘असेंट’, एक 32 फुटी ‘कॉन्टेसा’. अरुंद, खोल आणि जड तळाची, उलटली तरी पुन्हा सरळ होऊ पाहणारी. आत उभं राहायला जागा कमी, पण समुद्रात भरवशाची.

मुंबईकरांना अभिमान वाटावा अशी गोष्टही याच विषयातली आहे. 1968-69च्या पहिल्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती करणारे ते पहिले. त्यांची 32 फुटी ‘सुहैली’ मुंबईत, मुंबईच्या कारागिरांनी सागवानात बांधलेली. त्यांना शर्यतीसाठी मोठी पोलादी बोट हवी होती, पण पैसे उभे राहिले नाहीत. मग होती तीच बोट घेऊन ते निघाले. नऊ जण निघाले होते, पोचले ते एकटे. सुहैली वेगवान नव्हती, पण तिचा कण न् कण त्यांना माहीत होता. पुढे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या प्रेरणेतून नौदलाची ‘म्हादेई’ गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली गेली. कमांडर दिलीप दोंदे बांधणीपासून तिच्यासोबत होते. 19 ऑगस्ट 2009ला ते मुंबईहून निघाले आणि चार मुक्काम करून 19 मे 2010ला परत आले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. दोन्ही बोटींनी मला एकच गोष्ट शिकवली. जी बोट आपल्याला स्वतः दुरुस्त करता येते, ती आपल्याला परत आणते.

अलीकडे मुंबई-गोव्याकडूनही विचारणा होते. त्यांना मी वेगळं सांगतो. उधाणाला मुंबईच्या बंदरात भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो, कोकणच्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात, म्हणून बोट दीड मीटरपेक्षा खोल नको. किनाऱ्यालगत जाळी आणि दोर जागोजागी, म्हणून सुकाणू आणि पंखा झाकलेले हवेत. उन्हाने शिडं लवकर जातात, कोमट पाण्यात फोड लवकर धरतात, आणि पावसाळ्यात बोट वर काढून ठेवायची जागा आधी नक्की लागते. इंग्लंडहून बंद केबिनची, हीटर बसवलेली बोट तिकडे नेऊन काय करणार? आडवा वारा खेळणारी, वर कापडी सावली धरता येणारी बोट बघावी.

रेडिंगच्या जोडप्याने ती 34 फुटी घेतली. डेकची जागा, सीकॉक आणि तारा यांचा खर्च किमतीतून वजा झाला. पैशाचा चौथा हिस्सा त्यांनी माझ्या सांगण्यावरून बाजूला ठेवला होता, तो पहिल्याच हिवाळ्यात कामी आला. आता ती दर सुट्टीला समुद्रात असते. अटलांटिकचा विचार अजून आहे, पण आता ते तो विचार या बोटीवर मिळालेल्या अनुभवातून करतात.

बोट घ्यायचा विचार करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. आधी तशाच आकाराची बोट आठवडाभर भाड्याने घेऊन बघा, शक्यतो खराब हवेच्या आठवड्यात. तपासणी आपल्या माणसाकडून करून घ्या, विकणाऱ्याने सुचवलेल्याकडून नको. हातातला सगळा पैसा खरेदीत घालू नका. आणि दहा वर्षांनंतरच्या महासागरासाठी बोट घेऊ नका, या उन्हाळ्यात ज्या पाण्यात जाणार आहात त्या पाण्यासाठी घ्या. पाणी बदललं की बोट बदलता येते.